कॉल ऑप्शन नफ्यात आहे: विकून मोकळं व्हायचं की शेअर घ्यायचे?

समजा, तुम्ही १५ हजार रुपये देऊन एका कंपनीचा कॉल ऑप्शन घेतला. शेअर वर गेला आणि आज त्याच ऑप्शनचे ४६ हजार रुपये झालेत. ॲपवर आकडा हिरवा दिसतोय. एक्सपायरीला अजून दहा दिवस आहेत.

आता पुढे काय करायचं? ऑप्शन विकून नफा खिशात टाकायचा? की ऑप्शनचा हक्क वापरून ते शेअर स्वस्तात घ्यायचे?

पहिल्यांदा ऑप्शन घेणाऱ्या अनेकांना वाटतं की दोन्हीकडून सारखेच पैसे मिळणार. तसं नाहीये. दोन पर्यायांमध्ये हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. शिवाय भारतात काहीच न करता बसून राहिलात, तर १५ हजारांच्या सौद्यापायी थेट ५ लाख रुपये भरायची वेळ येऊ शकते. ती कशी, हे समजून घेऊयात.

कॉल ऑप्शन म्हणजे नेमकं काय?

एखादा शेअर ठरावीक तारखेला ठरावीक भावाने विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन. हा हक्क असतो, सक्ती नसते. तो मिळवण्यासाठी जी रक्कम द्यावी लागते तिला प्रीमियम म्हणतात. ज्या भावाने शेअर घेता येतो ती स्ट्राइक प्राइस. आणि हक्काची मुदत संपते तो दिवस म्हणजे एक्सपायरी.

घर घेताना आपण टोकन देतो, साधारण तसंच हे. फरक एवढाच की टोकन शेवटी घराच्या किमतीतून वजा होतं, प्रीमियम मात्र गेला तो गेला.

या लेखात आपण एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. शेअरचा भाव १,००० रुपये असताना तुम्ही १,००० च्या स्ट्राइकचा कॉल ३० रुपये प्रीमियमला घेतला. एका लॉटमध्ये ५०० शेअर आहेत. म्हणजे तुम्ही भरले १५,००० रुपये. आज शेअर १,०८० वर आहे आणि प्रीमियम ९२ रुपये झालाय.

या ९२ रुपयांत काय काय आहे?

ऑप्शनच्या किमतीचे दोन भाग असतात.

पहिला भाग अंगभूत किमतीचा. शेअर १,०८० ला आहे आणि तुम्हाला तो १,००० ला घेण्याचा हक्क आहे. म्हणजे ८० रुपये तर सरळच दिसतात.

उरलेले १२ रुपये म्हणजे वेळेची किंमत. अजून दहा दिवस बाकी आहेत. तेवढ्या दिवसांत शेअर आणखी वर जाऊ शकतो, आणि खाली गेला तरी तुमचं नुकसान मर्यादित राहतं. या शक्यतेसाठी बाजार १२ रुपये मोजायला तयार आहे.

ही वेळेची किंमत उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी असते. दिवसागणिक वितळत जाते आणि एक्सपायरीला शून्य होते. शेवटच्या काही दिवसांत तर ती जास्तच वेगाने वितळते.

विकावं की हक्क वापरावा, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या १२ रुपयांमध्ये दडलेलं आहे.

हिशेब करून पाहू

ऑप्शन आज विकला तर ९२ गुणिले ५०० म्हणजे ४६,००० रुपये मिळतील. भरलेले १५,००० वजा केले की खर्चाआधीचा नफा ३१,००० रुपये.

आता घटकाभर असं धरा की आजच हक्क वापरता आला. मग १,००० रुपयांप्रमाणे ५ लाख रुपये भरून ५०० शेअर मिळाले. त्यांची बाजारातली किंमत ५ लाख ४० हजार. फायदा ४०,००० रुपये. त्यातून १५,००० वजा केले तर नफा २५,००० रुपये.

म्हणजे ६,००० रुपये कमी. हे कुठे गेले? ते १२ रुपये गुणिले ५०० आहेत. हक्क वापरला की वेळेची किंमत सोडून द्यावी लागते. ऑप्शन विकला की समोरचा खरेदीदार ती तुम्हाला देतो.

"पण मला ते शेअर हवेच आहेत, दीर्घ मुदतीसाठी ठेवायचे आहेत," असं कुणी म्हणेल. तरीही ऑप्शन विकून त्याच पैशांच्या मदतीने बाजारातून शेअर घेणं स्वस्त पडतं. १,०८० ला शेअर घेतला, ऑप्शन विकून ९२ मिळाले, सुरुवातीला ३० भरले होते. एक शेअर १,०१८ रुपयांना पडला. हक्क वापरून घेतला असता तर १,००० अधिक ३० म्हणजे १,०३० रुपयांना पडला असता.

म्हणून साधा नियम असा: ऑप्शनमध्ये वेळेची किंमत शिल्लक असेल आणि ती देणारा खरेदीदार बाजारात असेल, तर ऑप्शन विकणंच फायद्याचं.

भारतात मुदतीआधी हक्क वापरता येतो का?

नाही. ब्रोकरच्या ॲपवर ऑप्शनच्या नावापुढे 'सीई' लिहिलेलं असतं. त्यातला 'सी' म्हणजे कॉल आणि 'ई' म्हणजे युरोपियन. युरोपियन पद्धतीत हक्क फक्त एक्सपायरीच्या दिवशी वापरता येतो. अमेरिकन पद्धतीत तो मुदतीत कधीही वापरता येतो. या नावांचा भूगोलाशी संबंध नाही, हे फक्त दोन प्रकार आहेत.

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, २००१ मध्ये शेअरवरचे ऑप्शन सुरू झाले तेव्हा ते अमेरिकन पद्धतीचे होते आणि नावापुढे 'सीए' लागायचं. २०११ पासून ते युरोपियन पद्धतीचे झाले.

त्यामुळे भारतात हा प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो: आज विकायचा, की एक्सपायरीपर्यंत थांबायचं?

थांबायचं म्हणजे पुढच्या दहा दिवसांवर पैज लावायची. एक्सपायरीला शेअर १,०८० वरच राहिला तर ऑप्शनचे ८० रुपये होतील, म्हणजे आजच्यापेक्षा १२ कमी. १,१२० वर गेला तर १२० रुपये होतील. आणि ९९० वर आला तर शून्य. आज हातात असलेले ४६ हजार रुपये पूर्णपणे जाऊ शकतात.

निर्णय घेताना स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: "हा ऑप्शन आज माझ्याकडे नसता, तर मी तो ९२ रुपये देऊन विकत घेतला असता का?" उत्तर 'नाही' असेल, तर तो धरून ठेवण्यालाही फारसं कारण उरत नाही. आपण तो ३० ला घेतला होता ही गोष्ट झाली इतिहासजमा. बाजाराला तिच्याशी देणंघेणं नाही.

दोन लॉट असतील तर एक विकून मूळ पैसे काढून घेता येतात आणि दुसरा ठेवता येतो. एकच लॉट असेल आणि शेअर आणखी वाढेल असं वाटत असेल, तर हा ऑप्शन विकून मिळालेल्या नफ्यातल्या थोड्या पैशांतून वरच्या स्ट्राइकचा स्वस्त कॉल घेण्याचा मार्गही काहीजण निवडतात. तो अंदाज चुकला तरी बाकीचा नफा हातात राहतो.

काहीच केलं नाही तर काय होतं?

सगळ्यात महागात पडू शकणारा पर्याय हाच. एक्सपायरीच्या दिवशी शेअरचा बंद भाव तुमच्या स्ट्राइकच्या वर असेल, तर तो ऑप्शन 'इन द मनी' धरला जातो आणि हक्क आपोआप वापरला जातो. तुम्ही बटण दाबायची गरज नसते. आणि 'मला नको' असं सांगण्याची सोयही आता नाही.

पूर्वी शेअरवरच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत व्हायचा. फरकाचे पैसे खात्यात जमा झाले की विषय संपला. सेबीने २०१८ मध्ये यात बदल करायला सुरुवात केली. टप्प्याटप्प्याने शेअरवरचे सगळे वायदे आणि ऑप्शन प्रत्यक्ष डिलिव्हरीच्या पद्धतीत आणले गेले, आणि ऑक्टोबर २०१९ च्या मालिकेपासून हे सर्वांना लागू झालं.

याचा अर्थ, आपल्या उदाहरणात तुम्हाला १,००० रुपयांप्रमाणे ५०० शेअर घ्यावेच लागतील. खात्यात ५ लाख रुपये लागतील. १५ हजार घेऊन बाजारात उतरलेल्या माणसाकडे ते असतीलच असं नाही.

पैसे नसतील तर काय? हा भार एकदम अंगावर येऊ नये म्हणून एक्सपायरीच्या आधीच्या शेवटच्या चार कामकाजाच्या दिवसांपासून 'इन द मनी' ऑप्शनवर डिलिव्हरी मार्जिन लागायला सुरुवात होते. ते दररोज वाढत जातं. एरवी ऑप्शन विकत घेणाऱ्याला प्रीमियमपलीकडे काही भरावं लागत नाही. त्यामुळे या दिवसांत मार्जिन भरण्याचा मेसेज आला की अनेकजण गोंधळतात. पैसे भरले नाहीत तर दंड लागू शकतो किंवा ब्रोकर स्वतःच सौदा बंद करू शकतो. तो कोणत्या भावाला बंद होईल, हे मग तुमच्या हातात राहत नाही.

एनएसईवर शेअरवरच्या ऑप्शनची एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. त्याआधी ती शेवटच्या गुरुवारी असायची. त्या दिवशी सुट्टी असेल तर एक दिवस आधी. जुन्या सवयीने गुरुवार लक्षात ठेवला असेल, तर तो विसरा.

एका रुपयाचा नफा आणि ५ लाखांची खरेदी

सर्वांत फसवी परिस्थिती असते ती शेअर स्ट्राइकच्या अगदी जवळ बंद होतो तेव्हाची.

समजा, एक्सपायरीच्या दिवशी दुपारी शेअर १,००० च्या आसपास घुटमळतोय. ऑप्शनची किंमत रुपया-दोन रुपयांवर आली आहे. "आता काय विकायचा, जाऊ दे वाया," असं म्हणून तुम्ही लक्ष काढून घेता. आणि शेअर बंद होतो १,००१ ला.

आता हक्क आपोआप वापरला जातो. कागदावर फायदा १ गुणिले ५०० म्हणजे ५०० रुपये. त्यासाठी ५ लाखांचे शेअर घ्यायचे. अशा डिलिव्हरीवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजेच सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स लागतो. तो झाला ५०० रुपये. डिलिव्हरीच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे ७५ रुपये. ब्रोकरचं शुल्क वेगळं. काही ब्रोकर अशा डिलिव्हरीवर नेहमीपेक्षा जास्त दलाली घेतात.

नफा ५०० आणि खर्च ५७५ च्या वर. शिवाय शेअर खात्यात येऊन ते विकेपर्यंत बाजार खाली आला तर ते नुकसानही तुमचंच. ५०० शेअर असताना भाव नुसता २० रुपयांनी पडला तरी १० हजार रुपये गेले.

म्हणून ऑप्शनची किंमत कवडीमोल वाटत असली, तरी शेअर स्ट्राइकच्या जवळ असेल तर बाजार बंद होण्याआधी तो विकून टाकलेला बरा.

विकताना किती खर्च येतो?

ऑप्शन विकताना एसटीटी फक्त प्रीमियमच्या रकमेवर लागतो. १ ऑक्टोबर २०२४ ला हा दर ०.१ टक्का झाला. २०२६ च्या अर्थसंकल्पात तो ०.१५ टक्के करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. या दराने ४६,००० रुपयांच्या विक्रीवर ६९ रुपये होतात. मुद्रांक शुल्क खरेदीदाराच्या बाजूने लागतं, विकणाऱ्याला नाही. दलाली आणि शेअर बाजाराचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी हे धरलं तरी ५ लाखांच्या डिलिव्हरीच्या मानाने खर्च कमीच राहतो.

हे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात. त्यामुळे सौदा करण्याआधी ब्रोकरच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता पाहून घ्या.

मग हक्क वापरणं कधी योग्य?

असे प्रसंग कमी आहेत, पण आहेत.

पहिला प्रसंग: तुम्हाला शेअर खरंच ठेवायचे आहेत आणि पूर्ण पैसे हातात आहेत. एक्सपायरीच्या दिवशी वेळेची किंमत जवळपास संपलेली असते. मग डिलिव्हरी घेणं आणि ऑप्शन विकून शेअर घेणं यात फारसा फरक राहत नाही. बाजारातून शेअर घेतला तरी ०.१ टक्का एसटीटी द्यावाच लागतो. दोन्हीकडचा खर्च मांडून जे स्वस्त पडेल ते निवडावं. फक्त ब्रोकरची डिलिव्हरीची दलाली आधी विचारून घ्यावी.

दुसरा प्रसंग: खरेदीदारच नाही. शेअर खूप वर गेला की आपल्या स्ट्राइकमध्ये व्यवहार कमी होतात. ऑप्शनची अंगभूत किंमत ८० असताना समोरचा ७५ च द्यायला तयार असतो. ५ रुपये गुणिले ५०० म्हणजे २,५०० रुपये सोडावे लागतात. अशा वेळी आधी 'मार्केट ऑर्डर' न टाकता ७८-७९ ला लिमिट ऑर्डर टाकून पाहावी. तरीही कुणी घेतलं नाही, तर सोडावे लागणारे २,५०० रुपये आणि डिलिव्हरीचा खर्च व जोखीम यांची तुलना करावी.

काही अनुभवी ट्रेडर अशा वेळी त्याच शेअरचा, त्याच महिन्याचा आणि तेवढ्याच संख्येचा वायदा विकून ठेवतात. ऑप्शन 'इन द मनी' राहिला तर दोन्ही सौदे एकमेकांना कापतात आणि डिलिव्हरी घ्यावी लागत नाही. पण वायद्यासाठी मोठं मार्जिन लागतं. आणि शेअर अचानक स्ट्राइकच्या खाली बंद झाला तर ऑप्शन शून्य होतो, पण विकलेल्या वायद्यापोटी शेअर द्यायची जबाबदारी मात्र अंगावर उरते. नवख्यांसाठी हा मार्ग नाही.

निफ्टीच्या ऑप्शनचं काय?

निफ्टी, बँक निफ्टी किंवा सेन्सेक्स हे निर्देशांक आहेत. निर्देशांकाची डिलिव्हरी होत नाही. एक्सपायरीला फरकाची रक्कम रोखीत जमा होते. त्यामुळे ५ लाख उभे करायचा प्रश्न येत नाही.

इथेही पूर्वी एक सापळा होता. आपोआप वापरल्या गेलेल्या ऑप्शनवर ०.१२५ टक्के एसटीटी पूर्ण रकमेवर लागायचा. त्यामुळे थोडासा नफा असलेल्या ऑप्शनवर कर नफ्यापेक्षा जास्त व्हायचा. सप्टेंबर २०१९ पासून तो फक्त स्ट्राइक आणि अंतिम भाव यांच्यातल्या फरकावर लागतो.

अमेरिकेतल्या शेअर बाजारात नियम वेगळे आहेत का?

अमेरिकेत राहणारे अनेक मराठी लोक तिथल्या शेअर बाजारात व्यवहार करतात. तिथे शेअरवरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे असतात, म्हणजे हक्क मुदतीआधी वापरता येतो. साधारणपणे एका ऑप्शनमध्ये १०० शेअर असतात.

पण 'येतो' म्हणजे 'वापरावा' असं नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की लाभांश न देणाऱ्या शेअरवरचा कॉल मुदतीआधी वापरणं फायद्याचं नसतं. कारण तेच, वेळेची किंमत वाया जाते.

अपवाद लाभांशाचा. ऑप्शनधारकाला लाभांश मिळत नाही, शेअरधारकाला मिळतो. आणि लाभांशाची तारीख उलटली की शेअरचा भाव साधारण तेवढ्याने खाली येतो. ऑप्शनमध्ये वेळेची किंमत २० सेंट उरली असेल आणि लाभांश १ डॉलर असेल, तर त्या तारखेच्या आदल्या दिवशी हक्क वापरणं योग्य ठरू शकतं.

एक्सपायरीला तिथेही एक सेंटने जरी 'इन द मनी' असलेला ऑप्शन सर्वसाधारणपणे आपोआप वापरला जातो. पण तिथे 'वापरू नका' अशी सूचना ब्रोकरला देता येते.

कंपनीने दिलेले ईसॉप हेच असतं का?

पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्या आणि स्टार्टअपमध्ये कर्मचाऱ्यांना ईसॉप मिळतात. तेही ठरावीक भावाने शेअर घेण्याचे हक्कच असतात. पण एक मोठा फरक आहे. ईसॉप बाजारात दुसऱ्याला विकता येत नाही.

त्यामुळे 'विकणं बरं' हा नियम इथे चालत नाही. पैसे हवे असतील तर आधी हक्क वापरायचा आणि मग शेअर विकायचे, हाच मार्ग. हक्क वापरताना बाजारभाव आणि तुमचा भाव यातला फरक पगाराचा भाग धरून त्यावर आयकर लागतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल, तर शेअर विकता न येता कर भरायची वेळ येऊ शकते. म्हणून ईसॉपचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.

कराचा फरक पडतो का?

पडतो. भारतात शेअर बाजारातल्या ऑप्शनची खरेदी-विक्री करून झालेला नफा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो आणि तुमच्या टप्प्यानुसार कर लागतो. शेअर घेऊन ठेवले तर पुढे ते विकताना भांडवली नफ्याचा नियम लागतो. जुलै २०२४ पासून एक वर्षापर्यंत ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, आणि त्याहून जास्त काळ ठेवलेल्यांवर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के असा दर आहे. भरलेला प्रीमियम कशात धरायचा हे सीएला विचारून ठरवावं. पण केवळ कर वाचवण्यासाठी ५ लाख अडकवणं शहाणपणाचं नाही.

थोडक्यात

ऑप्शनमध्ये वेळेची किंमत शिल्लक असेल तर विकणं फायद्याचं. शेअर हवे असतील तरी आधी ऑप्शन विकून बाजारातून घेण्याचा हिशेब करून पाहा. डिलिव्हरी घ्यायची नसेल तर एक्सपायरीच्या चार दिवस आधीच बाहेर पडा. आणि शेअर स्ट्राइकच्या जवळ असेल तर शेवटच्या दिवशी ऑप्शन वाऱ्यावर सोडू नका.

आणखी एक गोष्ट. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. म्हणजे तुमचा ऑप्शन आज नफ्यात असेल, तर तुम्ही आधीच मोजक्या लोकांमध्ये आहात. तो नफा खात्यात उतरेपर्यंत तो फक्त स्क्रीनवरचा आकडा आहे, एवढं लक्षात असू द्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. याला गुंतवणुकीचा सल्ला समजू नये. निर्णय घेण्याआधी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोला.)